दुसरा हिवाळा : बिल्जमधलं पाणी कुठून येतं ते सापडलं

मंडळी, मागच्या नोंदीत सांगितलं होतं, की मागच्या पायरीखालचं झाकण उचललं तर बोटीच्या केबिनच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये, पेरभर पाणी साचलेलं दिसलं. त्यानंतरचे तीन आठवडे दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्या नॅरोबोटीचा (इंग्लंडच्या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट, आमचं घरच) तळ 10 मिलिमीटर पोलादाचा, बाजू 6 मिलिमीटरच्या. जुन्या बोटीत असं पाणी दिसलं की पहिली भीती पत्र्याला भोक पडल्याचीच.

घाईने बोट पाण्याबाहेर उचलणाऱ्या क्रेनवाल्याला फोन करण्याआधी एकेक शक्यता तपासली. इंजिनाकडचा बिल्ज वेगळा असतो, मध्ये पोलादी भिंत. तो कोरडा होता, म्हणजे पंख्याच्या दांड्याची ग्रीस-ग्लँड (दांडा बाहेर जातो तिथून पाणी आत येऊ न देणारी) निर्दोष. पाऊसही नव्हे, कारण कडक थंडीच्या कोरड्या आठवड्यातही पाणी वाढलं. वाफ? कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की आमच्या खिडक्यांवरून ओघळ येतात हे खरं, पण त्याचं एवढं पाणी होत नाही.

मग रात्रीचा आवाज आठवला. सगळे नळ बंद, तरी पाण्याचा पंप मधूनच ‘घुर्र’ करून क्षणभर चालायचा. नळीतला दाब उतरला की हा पंप आपोआप सुरू होतो. नळ उघडा नसताना तो चालतो, तर पाणी कुठूनतरी निसटतंय. झोपण्याआधी पंपाचं बटण बंद ठेवायला लागलो. तीन दिवस पातळी तसूभर वाढली नाही. भोक तळाला नव्हतं! त्या सकाळी चहा फार गोड लागला.

पुढचं काम सोपं, पण चिकाटीचं. प्रत्येक सांध्याला टॉयलेट पेपरची एक पट्टी गुंडाळली, पंप चालू केला आणि टॉर्च घेऊन पालथा पडलो. गरम पाण्याच्या टाकीमागे, जिथे थंड पाण्याची नळी आत शिरते, तिथली पट्टी आधी करडी झाली, मग लोंबली. हात लावून पाहिला तर सांध्याच्या खाली थेंब तयार होत होता, सावकाश फुगत, मग टपकत. दिवसरात्र हेच चाललेलं. वॉशर बदलला, आणि रात्रीचा आवाज गेला. साचलेलं पाणी आधी मगाने, मग स्पंजने काढलं. बॅलास्टच्या, म्हणजे बोट स्थिर राहावी म्हणून तळाशी ठेवलेल्या वजनाच्या, विटांच्या फटींतलं बाळांच्या डायपरनी. डायपरइतकं पाणी दुसरं काही ओढत नाही, बोटीवर एक पाकीट ठेवाच. आता झाकण उघडंच ठेवलंय आणि स्टोव्ह अखंड पेटता.

दरम्यान हलणंही भाग होतं. आमच्याकडे बोट बांधायची कायमची जागा नाही, त्यामुळे एका ठिकाणी 14 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. स्टोक ब्रुअर्नहून निघून ब्लिसवर्थचा बोगदा पार केला. 2.8 किलोमीटर लांब, 1805 मध्ये खुला झालेला. आत टोपाथ (बोट ओढणाऱ्या घोड्याची काठावरची वाट) नाही, म्हणून पूर्वी घोडा डोंगरावरून चालत जायचा आणि माणसं फळीवर आडवी पडून पायांनी भिंत ढकलत बोट पुढे न्यायची. वरच्या हवेच्या झरोक्यांतून मानेवर थंडगार पाणी पडतं, टोपी घालाच. पुढे बकबीपर्यंत एकही लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारा दारांचा हौद) नाही, सगळं सपाट पाणी. बकबीला सात लॉक. तिथे एक वयस्कर जोडपं भेटलं. दोन्ही बोटी एकाच लॉकमध्ये शेजारी शेजारी घेतल्या, निम्मं पाणी वाचलं. विंडलास (लॉकच्या पाण्याच्या झडपा उघडायचं हँडल) फिरवताना आजींचा हात माझ्यापेक्षा सफाईदार चालत होता. दाताला दात बसल्याशिवाय आणि खटका लागल्याशिवाय हँडल सोडायचं नाही, हे त्यांनी मला पुन्हा एकदा बजावलं.

एप्रिलमध्ये बोट पाण्याबाहेर काढायचीय. तळ धुऊन नवा काळा रंग, मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड (पोलाद गंजू नये म्हणून स्वतः झिजणारे तुकडे) बदलणं, आणि पत्र्याची जाडी मोजून घेणार. आकडे आले की इथे लिहितो.