४१५ च्या सुरात सात महिने

गेल्या सप्टेंबरात हेगमधल्या एका हौशी बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय संगीत) गटाला दुसरं व्हायोलिन वाजवणारं कुणीतरी हवं होतं. पहिलं व्हायोलिन, चेलो आणि एक छोटा ऑर्गन, एवढाच गट. मी लहानपणी पुण्यात पाश्चात्त्य व्हायोलिन शिकले आणि इथे आल्यापासून एका ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत वाजवत होते, त्यामुळे नोटेशन वाचायची अडचण नव्हती. अट एकच होती, सगळं त्या काळच्या पद्धतीने. स्टीलच्या किंवा सिंथेटिक तारा नकोत, आतड्याच्या हव्यात, चिनरेस्ट (हनुवटी टेकवायची पट्टी) नको, आणि ए हा स्वर ४१५ हर्ट्झला, म्हणजे नेहमीच्या ४४० पेक्षा साधारण अर्धा स्वर खाली.

हे संगीत असं वाजवायची चळवळ ज्या देशांत रुजली, त्यांत नेदरलँड्स आघाडीवर. हार्पसिकॉर्ड (तारांचं, पियानोसारखं जुनं वाद्य) वाजवणारे गुस्ताव लिओनहार्ट आणि रेकॉर्डर ही जुनी बासरी वाजवणारे फ्रान्स ब्रुगेन इथलेच. उट्रेख्टला १९८२ पासून जुन्या संगीताचा महोत्सव भरतो. मी आतड्याच्या तारांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो तिथेच, एका चर्चमध्ये, खांबाआडच्या खुर्चीत बसून. आवाज लहान होता, किंचित खरखरीत, कुणी जवळ बसून बोलावं तसा. तेव्हापासून तो डोक्यातून गेला नव्हता. म्हणून विचारणा झाली तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

तारा मेंढीच्या आतड्यापासून बनवतात. आमच्या घरी कधी अंडंही आलेलं नाही, त्यामुळे आईला हे फोनवर कसं सांगावं याचं मला दडपण होतं. सांगितल्यावर ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “अगं, सारंगीला तांतच तर असते. तो आवाज दुसऱ्या कशातून येतो का?” आई गाणं शिकलेली आहे. मग मी निर्धास्त झाले.

पहिल्या आठवड्यात वरची ई तार दोनदा तुटली. दोन्ही वेळा खुंट्यांजवळच, एकाच जागी. माझ्या हातून जास्त ताणली जातेय असं वाटून मी घाबरत घाबरत खुंटी पिळायला लागले. शेवटी व्हायोलिन घेऊन कारागिराकडे गेले. त्याने भिंगातून पाहिलं आणि दाखवलं, की तार जिथून खुंट्यांकडे वळते तिथली खाच स्टीलच्या बारीक तारेसाठी कापलेली आहे. आतड्याची तार तिच्यापेक्षा बरीच जाड, ती त्या कडेवर घासून झिजत होती. त्याने बारीक कानशीने खाच रुंद केली, घोडीवरचीही केली, आणि साध्या पेन्सिलीचं टोक दोन्ही खाचांत फिरवलं, म्हणजे तार घसरती राहते. कुणी हे करायच्या विचारात असेल तर तारा विकत घेण्याआधी हे काम करून घ्या. तारेवर मधूनमधून केसासारखा तंतू सुटतो. तो ओढायचा नाही, नेलकटरने मुळाशी कापायचा, हेही मी तिथेच शिकले.

चिनरेस्ट ही १८२० च्या सुमाराची गोष्ट, लुई श्पोर या व्हायोलिनवादकाने काढलेली. त्याआधीचे लोक तिच्याशिवाय वाजवत. माझी सगळी तालीम हनुवटी आणि खांद्यात वाद्य पकडून डावा हात मोकळा ठेवण्याची. आता वाद्य हातावर तोलायचं. वर जाणं जमत होतं, पण हात खाली परत आणताना व्हायोलिन त्याच्याबरोबर निघून यायचं. दीड-दोन महिने मी रोज वीस मिनिटं फक्त तेवढंच केलं, आधी अंगठा मागे न्यायचा, मग बाकीचा हात. गज मात्र पहिल्या दिवसापासून आवडला. तो हलका, बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेला. खाली ओढताना त्याला आपोआप वजन येतं, वर नेताना ते नसतं. आजच्या शिक्षणात हा फरक पुसायला शिकवतात, इथे तोच हवा असतो. लिओपोल्ड मोझार्टच्या (प्रसिद्ध मोझार्टच्या वडिलांच्या) १७५६ च्या व्हायोलिनवरच्या पुस्तकात मात्रेच्या जोरासाठी खालचा गज सांगितलाय, आणि प्रत्येक स्वर थरथरवणाऱ्यांवर तो चांगलाच वैतागलाय. मलाही तो कंप बोटांतून काढावा लागला.

पण खरी कसोटी लागली ती सूर लावताना. तंबोऱ्याशेजारी वाढल्यामुळे षड्ज-पंचमात जराही उणं माझ्या कानाला चालत नाही. व्हायोलिनच्या चार तारा पंचमानेच जुळवतात, आणि मी त्या चोख जुळवून तालमीला बसायचे. तरीही ऑर्गनबरोबर माझी ई तार चढी वाटायची. आमच्या ऑर्गनवादक बाईंनी एक दिवस खालचा सी धरून ठेवला आणि म्हणाल्या, “आता तुझा ई ऐक.” सी, जी, डी, ए, ई असे चार शुद्ध पंचम चढत गेलं, तर शेवटचा ई हा सी चा गंधार म्हणून २२ सेंटने वर जातो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). आपण ज्याला प्रमाण श्रुती म्हणतो, साधारण तेवढंच हे अंतर. या ऑर्गनची जुळवणी मीनटोन पद्धतीची. तीत प्रत्येक पंचम पाच-साडेपाच सेंटने उतरवतात, म्हणजे गंधार शुद्ध मिळतो. पियानोवरचा गंधार मात्र १४ सेंट चढाच राहतो.

पंचम मुद्दाम उतरवायचा, हे मनाला पटवायला मला फार जड गेलं. मी एकेक खुंटी केसभर सैल केली. डोळे मिटून सी च्या वर माझा ई धरला. त्यातलं डुलणं हळूहळू संथ झालं आणि थांबलं. हा स्वर मी ओळखत होते. आमच्या मिरजेच्या तंबोऱ्यात, जवारी नीट लागली की कुणी न छेडता जो गंधार ऐकू येतो, तोच हा.

मार्चमध्ये एका छोट्या चर्चमध्ये कार्यक्रम झाला. कोरेल्ली या इटालियन संगीतकाराच्या तिसऱ्या ओपसमधला (छापील संचातला) डी मेजरचा ट्रायो सोनाटा, म्हणजे दोन व्हायोलिनं आणि खालच्या साथीसाठीची रचना. हा संच रोममध्ये १६८९ साली छापला गेला, आणि त्यात साथीला ऑर्गनच सांगितलेला आहे. पहिल्या ग्रावेत, म्हणजे संथ भागात, खालचा स्वर चालत राहतो आणि वर दोन्ही व्हायोलिनं आळीपाळीने एकमेकांना घासतात. मी माझा स्वर धरून ठेवायचा, पहिलं व्हायोलिन अगदी शेजारच्या स्वरावर येऊन बसतं, आणि मग मी एक पायरी खाली उतरायचं. कंप काढून टाकल्यावर ते घासणं हाताला जाणवतं, लाकूड हनुवटीखाली गुरगुरतं.

माणसं भरली तशी हवा तापली. हवा तापली की ऑर्गनच्या नळ्यांचा सूर चढतो, आणि आतड्याच्या तारा तर ओलाव्याने स्वतःच हलतात. पहिल्या अलेग्रोनंतर, म्हणजे जलद भागानंतर, माझी ए तार सुरात राहिली नव्हती. लोकांसमोर थांबून सूर लावायला मी कचरत होते, पण पहिल्या व्हायोलिनने गज खाली घेतला आणि मान हलवली. ऑर्गनवर ए आला, मग सी. आम्ही तिघींनी सावकाश लावलं. कुणी खोकलंसुद्धा नाही.

नोव्हेंबरसाठी त्याच संचातला बी मायनरचा सोनाटा निवडलाय. त्याला ए-शार्प लागतो, आणि आमच्या ऑर्गनवर त्या काळ्या पट्टीखाली बी-फ्लॅट बसवलेला आहे. या जुळवणीत हे दोन स्वर एक नाहीत, त्यांच्यात ४१ सेंटचं अंतर पडतं. हार्पसिकॉर्ड असतं तर तेवढ्या तारा उतरवून काम भागलं असतं, नळ्यांचं तसं होत नाही. ऑर्गनवादक बाई म्हणतात, तो स्वर मी सोडून देईन, तुम्ही दोघींनी तो भरा. म्हणून सध्या मी रोज एफ-शार्पवर तो ए-शार्प शोधते आहे, नेहमीच्या जागेपेक्षा बोट किंचित मागे घेऊन.