देवबागचं तोंड, १५ एचपीचं इंजिन आणि एक लाकडी फळी

आधीच सांगतो, तारकर्ली-देवबाग किती सुंदर आहे वगैरे या लेखात सापडणार नाही. दोन दिवस कर्ली नदीत आत फिरलो, पाणी सपाट, मासे झकास, विषय संपला. लिहितोय ते तिसऱ्या दिवसाबद्दल, कारण त्या दिवशी देवबागच्या संगमावर, म्हणजे कर्ली समुद्राला मिळते तिथे, जी पंधरा मिनिटं गेली ती अजून झोपेत येतात आणि त्यातली निम्मी तरी आम्ही पैसे देऊन विकत घेतली होती.

आमची बोट १४ फुटी फायबरची, मागे १५ एचपी टू-स्ट्रोक, हँडलवाली, वापरलेली घेतली. विकणाऱ्याने दोन सल्ले दिले. एक, १२ पिचचा प्रोपेलर लावा (पिच म्हणजे एका फेरीत प्रोपेलर हिशोबाने जितके इंच पुढे जातो ते), जास्त पिच म्हणजे जास्त स्पीड. दोन, इंजिन जरा वर घ्या, पाण्यात कमी बुडलं की कमी ओढतं. म्हणून क्लॅम्पखाली त्यानेच एक लाकडी फळी बसवून दिली. प्रोपेलरचे ९००० घेतले, वर "कार्ब्युरेटर सर्व्हिस" म्हणून ३५०० लावले. पुण्याहून ट्रेलर ओढत फोंडा घाटाने कणकवली, मग मालवण. वाटेत आम्ही त्याचं कौतुकसुद्धा केलं.

नदीतच शंका आली होती. तीन माणसं, पेट्रोलचा कॅन, आइस बॉक्स, सगळं मागे, आणि पूर्ण थ्रॉटल देऊनही बोट नाक आभाळाकडे करून रांगत होती. जीपीएसवर १३ किमी. प्लगच्या वायरीला गुंडाळतात तो छोटा टॅकोमीटर लावला तर ३७०० आरपीएम, आणि इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ४५०० ते ५५०० लिहिलेत. आम्ही काय म्हटलं? इंजिन कमी पडतंय, पुढच्या वर्षी २५ घेऊ. म्हणजे मूर्खपणात आम्हीही मागे नव्हतो.

तिसऱ्या दिवशी समुद्रातून निवती गावाला जायचं म्हणून सकाळी सातला निघालो. वद्य पंचमी. कोकणातला हिशोब सगळ्यांना माहीत आहे, तिथी गुणिले पाऊण, म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे सातला भर ओहोटी. हिशोब येत होता, केला नाही. ओहोटीत अख्खी कर्ली समुद्राकडे धावते, समोरून लाटा येतात, आणि दोन्ही भिडतात तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात. लांबून बघितलं तर काहीच वाटत नाही, थोडा पांढरा फेस दिसतो इतकंच.

पहिल्या दोन लाटा गेल्या. तिसरीच्या माथ्यावर मागचा भाग उचलला आणि इंजिन एकदम किंचाळलं. प्रोपेलरने हवा ओढली, आरपीएम गगनाला, ढकल शून्य. हँडल फिरवून काही उपयोग नाही कारण प्रोपेलर पाणी ढकलत नसेल तर सुकाणूच नाही. बोट आडवी व्हायला लागली, पाण्याची एक बादली सरळ आत. थ्रॉटल कमी केला, प्रोपेलरने पुन्हा पाणी धरलं, परत वाढवला, परत किंचाळी. असं सात-आठ वेळा. शेवटी एका खळग्यात कशीबशी वळवून आत पळालो. निवती राहिली.

किनाऱ्यावर एक तांडेल (होडीचे कप्तान) काका जाळं विणत बसलेले, त्यांनी सगळं बघितलं होतं. ते उठून आले, इंजिनाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ह्यां लाकूड कोणी घातलां मरे?"

मग पट्टी लावून मोजलं. प्रोपेलरच्या वर जी आडवी प्लेट असते, जिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात आणि जिचं खरं काम वरची हवा आत ओढू न देणं हे आहे, ती बोटीच्या तळापेक्षा तीन इंच वर होती. ती तळाच्या रेषेत हवी, फार तर इंचभर वर. रेसिंगवाले वर घेतात, ते सपाट पाण्यात, आणि त्यांच्याकडे तसला प्रोपेलर असतो. तुम्ही घेऊ नका. फळी काढली, ट्रान्सम (इंजिन टांगतात ती बोटीची मागची भिंत) १५ इंचाचा आणि इंजिन शॉर्ट शाफ्ट, त्याच उंचीसाठीचं, म्हणजे मुळात सगळं बरोबरच होतं!

काकांनी पुढे कॅन उचलून नाळीकडे ठेवला, "वजन फुडे घाल." त्यासाठी पेट्रोलचा लांब पाइप घ्यावा लागला, त्यातल्या हाताने दाबायच्या रबरी बल्बवरचा बाण इंजिनाकडे आणि कॅनच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, हे विसराल तर दहा मिनिटांत इंजिन गप. मग ब्रॅकेटमधली तिरकेपणाची पिन एक भोक आत घेतली. पिन फार बाहेर असली की नाक चढतं आणि वेगात बोट घोड्यासारखी उड्या मारते, फार आत असली की नाक पाणी खणतं आणि हँडल जड होतं. आपल्या वजनाला कुठलं भोक बसतं ते सपाट पाण्यातच बघून घ्या.

प्रोपेलर मालवणात वापरलेला मिळाला, ९ पिच, १८०० रुपये. एक इंच पिच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. जड बोटीला मोठी पिच म्हणजे चढावर चौथा गिअर. दुपारी तीच तीन माणसं, ४९०० आरपीएम, २४ किमी, आणि बोट पाण्यावर सपाट. पिचच्या हिशोबापेक्षा वरचे आरपीएम बोट सपाट झाल्यामुळे. मी अक्षरशः ओरडलो. २५ एचपीचा विषय त्या मिनिटाला संपला.

चौथ्या दिवशी वाढत्या भरतीत बाहेर पडलो. माथ्यावर थ्रॉटल सोडायचा, उतरताना द्यायचा, बोट उडवायची नाही. परत येताना काकांचं वाक्य पाठ होतं, "लाटेच्या पाठीर बस, तिका ओलांडू नको." लाटा मागून येत असताना नाक जड नको, ते खुपसलं की बोट गर्रकन आडवी होते, म्हणून येताना आइस बॉक्स मागे सरकवला. किल कॉर्ड (माणूस पडला की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला, लाइफ जॅकेट अंगात, यावर चर्चा नाही. अर्ध्या तासाने क्लॅम्पचे स्क्रू पुन्हा आवळा, ते ढिले होतातच, आमचा एक अर्धा आटा फिरला. संध्याकाळी गोड्या पाण्याने इंजिन धुवा, कितीही दमलात तरी.

संगमावर ओहोटीत जायचंच असेल तर माझा सल्ला एकच, जाऊ नका. पाच तास चहा प्या.

निवती छान आहे. फळी तिथल्या चुलीत गेली, पापलेट तिच्यावरच भाजलं. १२ पिचचा प्रोपेलर मात्र घरी पडून आहे. एकट्याने हलकी बोट चालवणाऱ्याला तो खरंच चांगला चालेल, पण ९००० मागायची मला लाज वाटते.