उजवा हात फ्रेमबाहेर

गोव्यात, फोंड्याला माझं एडिटिंगचं लहानसं काम आहे. लग्नं, मुंजी, चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या आरत्या, आणि नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव आला की कुणाची तरी ‘उद्या सकाळपर्यंत हवंय’वाली कामं. जवळच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाची मुलं म्युझिक व्हिडिओ करतात. तो कापायला घेण्याआधी सगळं फुटेज बाहेरच्या कुणाला तरी दाखवायचं, असा तिथे नेम आहे. ते बाहेरचं माणूस बहुतेकदा मीच असते. मानधन चहा आणि समोसा.

फुटेज बघणं म्हणजे सिनेमा बघणं नव्हे. कुठल्या टेकला ओठ जुळतात, कुठे फोकस सुटला, कुठे मागून स्कूटर गेली, हे वहीत उतरवत बसायचं. मुलांच्या फुटेजचे काही खास आजार असतात. निम्म्या क्लिपा व्हॉट्सॲपवरून आलेल्या, म्हणजे पिळून काढलेल्या. मोबाइलवर घेतलेल्या क्लिपांत फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं ते, स्थिर नसतो, त्यामुळे पहिल्या कडव्याला जुळलेले ओठ तिसऱ्या कडव्यापर्यंत भरकटतात. आणि ट्यूबलाइटचे पट्टे तर हटकून असतात. आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की चित्र स्थिर राहतं. १/६० ठेवलं की पडद्यावरून आडवे पट्टे सरकायला लागतात. मी हे दरवर्षी सांगते आणि पट्टे दरवर्षी येतात, कारण यूट्यूबवरचा यांचा गुरू अमेरिकेत राहतो, आणि तिथली वीज ६० हर्ट्झची.

यंदाचं गाणं चवथीचं होतं. मुलांनीच लिहिलेलं, मराठीत, मध्ये थोडं रॅप. चित्रीकरण गटातल्या एका मुलाच्या सत्तरी तालुक्यातल्या जुन्या घरी. त्याचे आजोबा आरतीला घुमट वाजवतात, म्हणून त्यांनाही व्हिडिओत घ्यायचं ठरलं होतं.

एक गोष्ट मात्र मुलांनी नीट अभ्यास करून केली होती. गाणाऱ्या मुलीचे शॉट सेकंदाला ५० फ्रेमने घेतले होते आणि त्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवलं होतं. २५ने चालवलं की हालचाल संथ दिसते, पण ओठ गाण्याशी बरोबर जुळतात. स्पीकर तेवढा मुलीजवळ, कॅमेऱ्यापासून लांब, पार अंगणाच्या टोकाला ठेवलेला. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे ५०च्या हिशोबात सातएक मीटरला एक फ्रेम मागे. कॅमेऱ्यातल्या आवाजावर भरवसा ठेवून जुळवलेलं सगळं एका फ्रेमने चुकलेलं होतं. सरकवून दिलं, प्रश्न मिटला.

आजोबांनी मात्र दुप्पट वेगाच्या गाण्यावर वाजवायला साफ नकार दिला. क्लिपमध्ये ऐकू येतं: “हे काय वाजवायचं? उंदीर पळाल्यासारखं.” मग ते आपल्याच लयीत वाजवत राहिले. गाण्याशी काही जुळत नाही, म्हणून मुलांनी त्या क्लिपला ‘वेस्ट’ असं नाव देऊन ठेवलं होतं.

‘वेस्ट’ लिहिलेलं मी आधी उघडते. धंद्याची सवय.

कॅमेरा अगदी जवळ होता. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर पडतात आणि डावा तळवा उघड्या तोंडावर झाकतो-सुटतो. ‘घुम्म’ मधला तो लवचीक खोलपणा या डाव्या तळव्याचा. कीबोर्डवर घुमट म्हणून जो आवाज देतात त्याला हा डावा हातच नसतो. मुलांच्या गाण्यातही तोच आवाज घातला होता, पत्र्याच्या डब्यासारखा. संगीतकार पोरगा हुशार आहे, पण शेजारच्या खोलीत जाऊन खरं घुमट रेकॉर्ड करावं असं त्याला सुचलं नाही. लॅपटॉपमधून उठावं लागलं असतं.

तर ही क्लिप मी २५वर संथ करून पाहिली. बोट पडतं, कातडं थरथरतं, धूळ उडते, डावा तळवा हळूच सुटतो. त्या अख्ख्या हार्ड डिस्कमध्ये याच्या तोडीचं काही नव्हतं. मी मुलांना म्हटलं, गाण्याची सुरुवातच इथून करा, कॅमेऱ्यातल्या आवाजासकट. मुलं खूश. थोडा कॉन्ट्रास्ट वाढवून बघूया म्हटलं, आणि कातड्यावर दाणे उठून दिसले. बारीक, गोल, ओळीने बसलेले.

बकऱ्याच्या कातड्याला असे दाणे नसतात. ही घोरपड होती.

माझ्या वयाच्या गोवेकराला हे सांगावं लागत नाही. घुमटाला पूर्वी घोरपडीचंच कातडं लावत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणं, तिचं कातडं विकणं, कागदपत्रांशिवाय बाळगणं, सगळा गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, ते बकऱ्याच्या कातड्याचं घुमट धरून. मुलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नातू स्क्रीनकडे बघत म्हणाला, “मॅडम, मला वाटलं जुनं झाल्यावर असं होतं.”

आजोबांना फोन लावला. ते काही लपवत नव्हते. “बाय, हें म्हज्या बापायचें,” एवढंच म्हणाले. नंतर म्हणाले की बकऱ्याचं कातडं पावसात ढिलं पडतं, आरतीच्या मध्येच शेकायला न्यावं लागतं. यावर मी काय बोलणार? ताल त्यांना कळतो, मला फ्रेम कळते. पण घोरपडीला कुणी विचारलं नव्हतं, हेही खरंच. चवथ आली की एकेका वाड्यावर किती घुमटं निघायची ते मी लहानपणी पाहिलंय. बंदी उगीच आली नाही.

जुन्या वस्तूसाठी वनखात्याकडे नोंद करून दाखला घ्यायची सोय कायद्यात होती. माळ्यावरच्या घुमटाचा दाखला काढायला सत्तरीतून कोण जाणार होतं? वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला मी नावगाव न सांगता विचारलं. तो म्हणाला, “तू मला हे विचारलंस असं धरू नकोस. मला कळलं तर मला यावं लागेल.” इतका सरळ सल्ला मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

कॉलेजातले सर म्हणाले, “काढून टाका, विषय संपला.” त्यांचा विषय दोन मिनिटांत संपतो, कुठलाही असो. कुणीतरी ब्लर करूया म्हणालं. घुमटाचं तोंड ब्लर केलं की बघणाऱ्याला पहिला संशय तिथेच येणार, हे समजावायला अर्धा तास गेला. डिचोलीहून बकऱ्याचं घुमट आणून पुन्हा शूट करावं, हे माझं म्हणणं. आजोबा तयार होते, पण मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या.

शेवटी ४के चा, म्हणजे मोठ्या आकाराच्या चित्राचा, उपयोग केला. फ्रेम आत ओढली आणि फक्त डावी बाजू ठेवली. उघडं तोंड, त्यावर झाकणारा-सुटणारा तळवा, मनगटावरचा काळा दोरा. कातडं पूर्ण बाहेर. आवाज मात्र पूर्ण ठेवला. चांगलं दिसतं. परीक्षकांना ‘धाडसी फ्रेमिंग’ वाटलं म्हणे.

नातवाने तयार व्हिडिओ घरी दाखवला. आजोबांनी दोनदा बघितला आणि विचारलं, “उजवो हात खंय?” त्याने मला फोन करून विचारलं, काय सांगू? खरं ते सांग म्हटलं. त्याने सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

माझ्यापुढचा प्रश्न वेगळाच आहे. गुण मिळण्यासाठी कॉलेजात सगळं कच्चं फुटेज जमा करावं लागतं, एकही क्लिप न वगळता. तिथल्या कपाटातली हार्ड डिस्क पुढच्या वर्षी कुणाच्या हातात असेल ते देव जाणे. शिवाय नातवाला ती क्लिप स्वतःसाठीही हवी आहे, कारण आजोबांचं वाजवणं त्याआधी कुणी असं टिपलेलंच नाही. क्लिप उडवली तर त्या हातांची तेवढीच नोंद जाईल, आणि दिली तर म्हाताऱ्याच्या नावावर पुरावा तयार होईल. सरांना मी विचारलं, एक क्लिप कमी दिली तर चालेल का? त्यांनी नियमावली पुढे केली. जमा करायची तारीख सोमवारी आहे, आणि डिस्क माझ्याकडे आहे.