चार दात जास्त

स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ यावर लिही, असा निरोप आला. मला शाळेने एक कॅसेट दिली. तीही उसनी.

वर्गात मला सगळे ‘दाताळ्या’ म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. वरचे पुढचे दात ओठांबाहेर, त्यामुळे हसताना तोंडावर हात आणि गाताना मान खाली. गायचो मात्र रोज. संध्याकाळी नाशिकरोडच्या प्रेसचा, म्हणजे सरकारी छापखान्याचा, भोंगा झाला की बंद करायचो, कारण वडील ड्यूटीवरून घरी यायचे आणि त्यांच्या लेखी ते केकाटणं होतं.

१९९० साली, नववीत, चित्रकलेच्या सरांनी आम्हाला इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसवलं. संकल्पचित्राच्या तासाला त्यांनी एका इंग्रजी रेकॉर्डचं कव्हर फळ्याला टेकवून ठेवलं. मध्ये क्यू हे अक्षर, दोन्ही बाजूंना सिंह, वर खेकडा, खाली दोन पऱ्या आणि सगळ्यांवर पंख पसरलेला फिनिक्स. ‘क्वीन’ नावाच्या बँडचं बोधचिन्ह. सर म्हणाले, “चौघांच्या राशी आहेत रे. दोघे सिंहेचे, एक कर्केचा आणि पऱ्या म्हणजे कन्या, ती याची स्वतःची. यानंच काढलंय. गातो हाच आणि चित्रकलाही शिकलाय. लंडनच्या ईलिंग आर्ट कॉलेजात.”

‘हा’ म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. मग माझ्याकडे न बघता सर म्हणाले, “याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्त आहेत. पाचगणीत शाळेला होता, तिथं पोरं त्याला दातांवरूनच चिडवायची.”

पाचगणी म्हटल्यावर वर्ग सावरून बसला. हा फारुख बुलसारा, पारशी. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. आठव्या वर्षाच्या सुमाराला आईबापांनी बोटीनं इकडे पाठवला, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. तिथं पियानो शिकला, तिथंच फारुखचा फ्रेडी झाला आणि बाराव्या वर्षी शाळेतल्या पोरांचा ‘हेक्टिक्स’ नावाचा बँडही काढला. बुलसारा हे आडनाव बुलसारवरून, म्हणजे आपलं वलसाड. पेठ-धरमपूर ओलांडलं की आलंच. सर देवळाली कॅम्पात राहायचे. शेजारच्या म्हाताऱ्या पारशीबाबांकडून त्यांना या कॅसेटी मिळत. बाबा म्हणे प्रत्येक वेळी बजावायचे, “आपरो छोकरो छे.”

त्यातली एक कॅसेट सरांनी मला आठ दिवसांच्या बोलीवर दिली. त्यात ते प्रसिद्ध ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ होतं. सुरुवातीला शांत पियानो, मग एकदम नाटकातल्यासारखा कोरस, कुणीतरी गॅलिलिओला हाका मारतंय, आणि मग दणदणीत गिटार. मला वाटलं, सरांनी मध्येच चुकून दुसरं काहीतरी टेप केलंय. बिचाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही. ते गाणं तसंच आहे आणि तो कोरस बँडमधल्या तिघांनीच आवाजावर आवाज चढवून उभा केलाय, हे फार उशिरा कळलं. चढवता चढवता मूळ टेप इतकी झिजली की आरपार दिसायला लागली, असं त्यांचा गिटारवाला ब्रायन मे सांगतो. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं रेडिओवर कोण लावणार, असं तेव्हा म्हणत होते. १९७५ च्या अखेरीस ते इंग्लंडात सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरावर होतं.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्हीही ग्रुप काढला. एक कॅसिओ, एक ढोलकी, गायला मी. मंडपवाल्यानं दिलेल्या माइकच्या स्टँडचा स्क्रू ढिला. पहिल्याच कडव्याला माइक हळूहळू खाली चालला आणि त्याच्याबरोबर मीही वाकत चाललो. मुलींच्या रांगांमध्ये हशा. तेवढ्यात विंगेतून सर दबक्या आवाजात ओरडले, “नळी उचल! नुसती वरची नळी उचल!” मी उपसली. खालचं बूड तिथंच राहिलं. हातात अर्धी काठी, तिच्या टोकाला माइक, पायात वायर. पुढचं गाणं कसं म्हटलं देव जाणे, पण मान वर होती, कारण काठी वर होती. विंगेत सर पोट धरून हसत होते. मला तेव्हा राग आला होता.

दहावीत, नोव्हेंबर १९९१ च्या शेवटच्या आठवड्यात, सर पेपर हातात घेऊन वर्गावर आले. फ्रेडी गेला होता, पंचेचाळिसाव्या वर्षी. आपल्याला एड्स आहे हे त्यानं २३ तारखेला जाहीर केलं आणि २४ ला संपलं. एड्स शब्द आम्हाला फक्त एसटी स्टँडवरच्या पाटीवरून माहीत. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यात मीही होतो, हे इथं लिहिलंच पाहिजे. सरांनी खडू खाली ठेवला आणि उरलेला तास खिडकीपाशी उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत.

पुढे मी दातांचाच डॉक्टर झालो. पेशंटांच्या आया मुलाला तारा लावायला आणतात आणि हळूच माझ्या दातांकडे बघतात. फ्रेडीनं ते चार दात कधी काढले नाहीत, आवाज बदलेल म्हणून घाबरायचा. आवाजाची पट्टी स्वरयंत्रात ठरते, दातांत नाही, हे मी त्याला खुर्चीवर बसवून समजावलं असतं. पण पक्कड मीही हातात घेतली नसती.

काही वर्षांपूर्वी क्लिनिक बंद केल्यावर कॉम्प्युटरवर १३ जुलै १९८५ चा, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेला ‘लाइव्ह एड’चा कार्यक्रम पाहिला. लंडनचं वेम्बली स्टेडियम, बहात्तर हजार माणसं, क्वीनच्या वाट्याला जेमतेम वीस-एकवीस मिनिटं. फ्रेडी पांढऱ्या बनियनवर धावत येतो आणि त्याच्या हातात स्टँड नाही, बूड नसलेली अर्धी काठी! टोकाला माइक. म्हणे सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमात स्टँड तुटला, तेव्हापासून तो तसाच वापरायचा. मी व्हिडिओ थांबवला आणि एकटाच हसत बसलो, तोंडावर हात न धरता.

सर, समारंभाला तुम्ही येणार आहात असं कळलं. कॅसेट घेऊन येतो. आठ दिवसांच्या बोलीला तीस वर्षं उलटून गेली. दुसऱ्या बाजूला टेप प्लेअरनं थोडी खाल्लीय, मी पेन्सिलीनं गुंडाळून ठेवलीय. मधला कोरस शाबूत आहे.