लाकडाचा बॉयलर दगडी कोळशावर आणताना: आतापर्यंतची नोंदवही

आधीच सांगतो, काम पूर्ण झालेलं नाही. पण बॉयलर गेले १६ दिवस एकदाही विझलेला नाही, तेव्हा मधल्या भानगडी विसरायच्या आत लिहून काढतो.

यंत्र साधं, पाणी तापवून घर गरम ठेवणारं. दुहेरी पत्र्याच्या भिंती, मधल्या पोकळीत सुमारे ११० लिटर पाणी, समोर दोन दारं: वरचं जळण घालायचं, खालचं राखेचं. बंबाचा थोरला भाऊ म्हणा. लाकडावर तो उत्तम चालायचा, फक्त दर तीन तासांनी त्याच्यापुढे हजेरी लावावी लागायची. कोळशाकडे वळायचं कारण एकच, रात्रीची झोप. वाळलेल्या लाकडाच्या किलोमागे साधारण १५ मेगाज्यूल उष्णता मिळते, चांगल्या अँथ्रासाइटच्या, म्हणजे कडक, कमी धुराच्या दगडी कोळशाच्या, किलोमागे ३० च्या आसपास. शिवाय त्याच पेटीत कोळसा वजनाने दुपटीहून जास्त मावतो.

ज्यांचा बॉयलर गॅसिफिकेशनचा आहे, म्हणजे ज्वाळा खाली ओढणारा, त्यांनी हे फक्त वाचावं, करू नये. बाकीच्यांनीही आधी बॉयलरवरची पाटी वाचावी आणि आपल्याकडे घरात कोळसा जाळायला परवानगी आहे का ते बघावं. विम्याचा कागदही.

तर, सुरुवात जाळीपासून. माझी समजूत अशी की खाली जाळी टाकली की झालं! मूळ पेटीला जाळी नव्हतीच, राखेच्या गादीवर लाकूड पडायचं. लाकडाला ते चालतं. त्याच्या वजनातला तीन चतुर्थांश भाग तापल्यावर वायू होऊन वर येतो आणि वरच जळतो, त्यामुळे त्याला वरून हवा दिली की भागतं. अँथ्रासाइटमध्ये असा उडणारा भाग दहा टक्क्यांच्याही आत असतो. उरलेला कार्बन जागच्या जागी जळतो, त्याला हवा खालून, थराच्या पोटातून जायला लागते. वरून कितीही फुंका, तो मख्ख.

बिडाचे दांडे बसवले, मध्ये १२ मिलिमीटर फट. दांडे वर रुंद, खाली निमुळते घ्या, म्हणजे फटीत शिरलेली राख अडकत नाही. एका टोकाला आडवी पट्टी जोडून तिची मूठ बाहेर काढली, जाळी हलवायला.

पहिला विस्तव पेटायला दोन तास लागले आणि पहाटे विझलेला सापडला. टॉर्च मारून पाहिलं तर मधोमध राखाडी खड्डा, आणि चारी भिंतींना लागून चार बोटं रुंदीचा काळाकुळकुळीत कोळसा, जसा घातला तसाच. कारण कळायला वेळ लागला नाही. पलीकडे ७० अंशांचं पाणी असलेला पत्रा कोळशाच्या मानाने बर्फच. भिंतीला टेकलेला प्रत्येक खडा तो गार करून ठेवत होता. लाकडाची ज्वाळा भिंतीला नुसती चाटून जाते, कोळसा मात्र भिंतीला टेकून बसतो.

त्यावर उपाय फायरब्रिकचा, म्हणजे आच सोसणाऱ्या विटांचा. थराच्या उंचीपर्यंत चारी बाजूंनी तीन सेंटिमीटर जाडीच्या विटा लावल्या आणि थर १० सेंटिमीटरवरून २० वर नेला. पातळ थर स्वतःची आच धरून ठेवू शकत नाही. कोळसा वाचवायला गेलात की विस्तव जातो. विटांमुळे पाण्याला आच देणारी थोडी भिंत झाकली गेली, पण वरच्या मोकळ्या पत्र्याने ते भरून काढलं. विटा बसवल्यावर तीन दिवस फक्त काटक्यांचा जाळ करून सांधे वाळवायचे होते. मी दुसऱ्याच दिवशी घाई केली. आतल्या ओलाव्याची वाफ झाली आणि डावीकडची एक वीट टचकन उभी तडकली. ती अजून तशीच आहे, माझ्याकडे बघत.

यानंतरचा त्रास बरोब्बर उलटा. राखेच्या दाराची झडप पूर्ण बंद, तरी पाणी ९५ अंशांवर. लाकडाच्या काळात खालचं दार किती गळतंय याची कधी फिकीरच केली नव्हती. आता तीच गळती विस्तवाच्या थेट पोटात हवा सोडत होती. गार बॉयलरवर कागदाची पट्टी दारात धरली, दार लावलं आणि पट्टी ओढली. बिजागरीकडे ती घट्ट, कडीच्या बाजूला लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर. खोबणीत ग्लासफायबरची नवी दोरी भरली, कडीच्या खिळ्याखाली चकती घातली, आणि पट्टी चारी बाजूंनी फाटेपर्यंत धरून राहील असं केलं. झडप आता साखळीच्या थर्मोस्टॅटवर आहे. पाणी तापलं की साखळी सैल पडते, झडप मिटते. वीज लागत नाही, आणि अख्ख्या प्रकल्पात माझा सगळ्यात लाडका भाग तोच.

त्या ९५ अंशांच्या रात्री एक हिशेब मांडला, तो सगळ्यांनी मांडावा. पेटीत १८ किलो कोळसा, म्हणजे ५४० मेगाज्यूल. ११० लिटर पाणी ७० वरून १०० अंशांवर न्यायला लागतात जेमतेम १४. अर्धा किलो कोळसाही पुरतो! लाकडाचा जाळ दार मिटलं की तासाभरात मान टाकतो. कोळशाचा थर पुढचे कित्येक तास धगधगत राहतो. अशात पाणी घरभर फिरवणारा पंप बंद पडला आणि पाण्याची वाफ झाली तर ती सुमारे १७०० पट जागा मागते. म्हणून वर उघडी टाकी, तिच्यापर्यंत एकही व्हॉल्व्ह नसलेला सरळ पाइप, शिवाय सेफ्टी व्हॉल्व्ह. आणि पंपाशिवाय, गरम पाणी आपसूक वर चढतं एवढ्याच जोरावर चालणारा एक मोठा रेडिएटर. ऐन भरात पंप मुद्दाम बंद करून पाहिला. पाणी ९१ वर गेलं आणि तिथेच थांबलं. हे जमल्याशिवाय कोळशावर रात्र काढायची नाही, एवढं माझं ठाम मत.

धुराड्याची ओढ, म्हणजे ते हवा किती जोराने वर खेचतं, तीही मोजायला हवी. मला साधारण १२ पास्कल हवी होती, म्हणजे पाण्याची सव्वा मिलिमीटर उंची. सरळ नळीत ती दिसणार कशी? पारदर्शक नळी दहाला एक अशा उतारावर फळीला ठोकली, की तेच सव्वा मिलिमीटर बारा मिलिमीटरभर सरकतं. धुराड्यात वजनाची झुलती झडप बसवली. ओढ वाढली की ती उघडून खोलीतली हवा आत घेते. लाकूड किंवा धुरकट कोळसा जाळत असाल तर ही झडप नको, काजळी आणि डांबर धरतं. धुराड्यातली जुनी, पूर्ण मिटणारी चकती मात्र कापून फेकली. मिटलेलं धुराडं आणि कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड घरात, आणि त्याला ना वास ना रंग. बॉयलरच्या खोलीत एक अलार्म आहे, झोपायच्या खोलीत दुसरा.

आता भुवयांची गोष्ट. एका संध्याकाळी भरभर दोन फावडी टाकून सगळे निखारे झाकले. पाच मिनिटांनी काय चाललंय बघायला दार उघडलं, आणि भप्पकन ज्वाळा तोंडावर. खालून वायू येत होता, पण त्याला पेटवायला वर निखारा उरला नव्हता. दाराबरोबर हवा गेली आणि साठलेलं सगळं एकदम पेटलं. भुवयांच्या टोकांवर भागलं. आता एका कोपऱ्यात लाल निखारे उघडे ठेवूनच कोळसा घालतो, आणि दार आधी बोटभर उघडून थांबतो. नीट घातलं की थोड्या वेळात नव्या थरावर छोट्या निळ्या ज्वाळा नाचायला लागतात. तोच कार्बन मोनॉक्साइड, आता जिथे जळायला हवा तिथे जळतोय. त्या बघत मी रोज दहा मिनिटं फुकट घालवतो.

राख दिवसातून दोनदा. जाळी आखूड झटक्यांनी हलवायची, खाली पहिले लाल ठिपके पडले की थांबायचं. वरून सळईने ढोसायचं नाही, राख तापलेल्या भागात मिसळून वितळते आणि तिचे खंगर होतात. पहिल्या आठवड्यात तळहाताएवढे तीन निघाले. राखपेटी भरून राख जाळीला टेकली तर दांड्यांना खालून हवेचा गारवा मिळत नाही आणि बीडसुद्धा वाकतं. ही राख झाडांना घालू नका, तिच्यात जड धातू असतात.

राहिलेलं काम परतीच्या, म्हणजे रेडिएटरमधून गार होऊन बॉयलरकडे येणाऱ्या पाण्याचं. ते ६० अंशांखाली आलं की आतल्या पत्र्यावर घाम धरतो, आणि कोळशातल्या गंधकामुळे तो घाम आम्ल होतो. त्यात गरम पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह आणून ठेवलाय, पाइपवर कापायची खूणही केलीय. फक्त त्यासाठी बॉयलर विझवावा लागेल, आणि १६ दिवसांचा विस्तव विझवायला हात धजत नाहीये.