लोहाराच्या मुलाची बासरी

बर्लिनहून पॉट्सडॅमला जाणारे बहुतेक जण अठराव्या शतकातला प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याचा सांसूसी राजवाडा बघायला जातात. मी गेले ती त्याच्या बासरीगुरूसाठी, योहान योआखिम क्वांट्झसाठी.

द्राक्षवेलींच्या टप्प्यांमधल्या पायऱ्या चढून दम लागला. संगीतदालन मात्र वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. पांढऱ्या भिंतींवर सोनेरी नक्षी, आरसे आणि झिल्बरमान या कारागिराने बनवलेला पियानो. इथे राजा बासरी वाजवायचा. त्याला मध्येच ‘ब्राव्हो’ म्हणायचा मान फक्त क्वांट्झचा.

हा मान असाच मिळाला नाही. १६९७ साली ओबरशेडन गावात लोहाराच्या घरी त्याचा जन्म. लहानपणीच वडील गेले आणि मेर्सेबर्गला काकांकडे वादकाची उमेदवारी सुरू झाली. व्हायोलिन, ओबो (सनईसारखं वाद्य), ट्रम्पेट, चेलो, जे हातात पडेल ते शिकला. १७१८ मध्ये ड्रेस्डेन-वॉर्साच्या दरबारी वाद्यवृंदात ओबोवादक म्हणून लागला. तिथे पुढे सरकायला वाव दिसेना, म्हणून बासरी धरली. मग इटली, फ्रान्स, इंग्लंड फिरून आला. १७४१ पासून फ्रेडरिककडे वर्षाला २००० थालर (चांदीची नाणी) पगार, रचनांचे पैसे वेगळे, शिवाय स्वतः बनवलेल्या प्रत्येक बासरीचे १०० डुकाट (सोन्याची नाणी)!

या बासऱ्यांनीच मला वेड लावलंय. लाकडी, आडवी, बोटांसाठी सहा भोकं, अगदी आपल्या बासरीसारखी. पण खालच्या टोकाला क्वांट्झने बोटाने दाबायच्या दोन चाव्या बसवल्या: एक डी शार्प या पाश्चात्य स्वरासाठी, एक ई फ्लॅटसाठी. पियानोवर या दोन्हींना पट्टी एकच. त्याच्या कानाला ई फ्लॅट किंचित चढा लागायचा, आणि तेवढ्या फरकासाठी त्याने वेगळी चावी केली. दरबारी रागाचा गंधार आणि भीमपलास रागाचा गंधार पेटीवर एकाच पट्टीत बसवताना आपला जीव कळवळतो ना, तेच हे दुखणं! त्या पियानोसमोर उभी राहून मी दोन्ही गंधार मनात लावून पाहिले. मागची माणसं पुढे सरका म्हणेपर्यंत हलले नाही.

राजासाठी त्याने जवळजवळ ३०० कन्चेर्टो, म्हणजे बासरी आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना, लिहिल्या. १७७३ मध्ये तो पॉट्सडॅमलाच वारला, तेव्हा शेवटचा कन्चेर्टो अर्धवट राहिला होता. त्याचा उरलेला भाग फ्रेडरिकने स्वतः लिहून पुरा केला.