गंगाजळी आतल्या पानावर

आर्थिक संकटाची पंचाईत अशी, की त्याचा फोटो काढता येत नाही. पूर आला तर पाणी दिसतं, आग लागली तर धूर. देशाच्या चालू खात्यावरची तूट वाढली, म्हणजे परदेशातून येणाऱ्या पैशापेक्षा तिकडे जाणारा पैसा जास्त झाला, तर छायाचित्रकाराने कॅमेरा रोखायचा कशावर? मग शेअर बाजारात डोक्याला हात लावून बसलेला दलाल शोधला जातो. निर्देशांक कुठल्याही देशात पडो, हा गृहस्थ हजर! तो खरोखरच बुडालाय की नुसता उकाड्याने वैतागलाय, हे फोटोखालच्या ओळीत कुणी लिहीत नाही.

आपल्याकडचं १९९१ सालचं संकट या बाबतीत फार बोलकं आहे. ते काही एका रात्रीत आलं नव्हतं. कुवेतवर इराकने केलेल्या हल्ल्यानंतर तेल भडकलं होतं, अनिवासी भारतीय आपल्या ठेवी काढून घेत होते आणि परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी आटली होती. पण ऐन मे महिन्यात पहिलं पान होतं निवडणुकीचं. २१ तारखेला राजीव गांधींची हत्या झाली, मग तर दुसऱ्या कशाला तिथे जागाच उरली नाही. गंगाजळी बिचारी आतल्या पानावर, बाजारभावांच्या कोष्टकाशेजारी. त्या पानाची घडी न मोडताच पुढे जाणारे वाचक तेव्हाही बहुसंख्य असणार.

जुलैत १ आणि ३ तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालं, म्हणजे परकीय चलनांच्या तुलनेत त्याची किंमत मुद्दाम उतरवली गेली. बातमी मोठीच, पण समजावून सांगायला अग्रलेख लागावा अशी. आणि मग ८ जुलैला ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये शंकर अय्यर यांनी बातमी फोडली, की रिझर्व्ह बँकेचं सोनं गुपचूप विमानाने लंडनला रवाना होतंय. पुढे कळलं ते असं : एकूण सुमारे ४७ टन सोनं, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून त्यावर मिळणारे सुमारे ४० कोटी डॉलर. मुंबईत विमानतळाच्या वाटेवर सोन्याची एक गाडी बंद पडली आणि अधिकाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, अशीही आठवण सांगतात. आता मात्र कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या की घराची काय अवस्था आहे, हे पोरांनाही कळतं. वर्षभराच्या आकडेवारीला जे जमलं नव्हतं, ते ‘गहाण’ या तीन अक्षरांनी केलं.

दिसेल असं काही सापडलं की वर्तमानपत्रं ते सोडत नाहीत, आणि यात धोकाही आहे. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेने बँक ऑफ इंग्लंडकडे मदत मागितल्याची बातमी बीबीसीने दिली. दुसऱ्या दिवशी शाखांबाहेर रांगा. त्या रांगांचे फोटो छापून आले, ते पाहून आणखी माणसं रांगेत. ठेवी सुरक्षित असल्याचं अधिकारी सांगत होतेच. पण ‘घाबरण्याचं कारण नाही’ हे छापलेलं वाचून आजवर कोण शांत झालंय? शेवटी सरकारला ठेवींची हमी द्यावी लागली. बातमी दाबायला हवी होती, असं मी म्हणणार नाही. बँकेचा पाया आधीच कच्चा होता. रांगेतल्या माणसाचं तरी काय चुकलं? पुढचे पैसे घेऊन गेले, तर मागच्याने थांबायचं कशाच्या भरवशावर?

श्रीलंकेत तर २०२२ मध्ये छापायला कागदच मिळेना, तेव्हा तिथल्या ‘द आयलंड’ या दैनिकाची शनिवारची छापील आवृत्ती थांबवावी लागली. संकट असं थेट छापखान्यात शिरलं.

सुटकेच्या बातमीला मात्र ना रांग असते, ना डोक्याला हात लावलेला दलाल. १९९१ साली सोनं गहाण पडलं, हे आजही कुणालाही विचारा, चटकन सांगेल. कर्ज काही महिन्यांतच फिटलं आणि सोनं सुटलं, हे किती जणांना ठाऊक असेल? बातमी छापून आली असेलच की. आतल्या पानावर.